पावागडचे तीन कुडे आणि हर्बेरियमची पहिली वारी

प्रश्न असा आला आहे: "एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी बडोद्याजवळच्या पावागडावर माचीच्या वरच्या पायवाटेवरून गेल्या मेमध्ये तीन झाडांचे नमुने आणले. दोनांना फुलं आहेत, तिसऱ्याला नुसती पानं. तिन्ही कुडाच असावेत. मोबाईलचं अ‍ॅप एक नाव देतं, गाइड मॅडम दुसरं सांगतात, बाबांचे एक वैद्य मित्र 'हा गोड इंद्रजव' म्हणतात. मॅडम म्हणाल्या, 'हर्बेरियम बघून ये.' आम्ही बडोद्यात, दांडिया बाजारात राहतो, पण हर्बेरियमची पायरी मी अजून चढलेली नाही. परवानगी कुणाची घ्यायची, काय न्यायचं, आत गेल्यावर करायचं काय, फोटो काढू देतात का?"

मॅडमनी बरोबर सांगितलं, पण अर्धंच. हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, 'बघायला' गेलेला विद्यार्थी तासाभरात कंटाळून बाहेर येतो, हे मी पंचवीसेक वर्षं पाहतो आहे. कपाटं उघडली की वाळलेल्या फांद्या चिकटवलेले हजारो कागद, म्हणजे शीट्स. त्यात बघणार काय? तिथे प्रश्न घेऊन जावं लागतं, आणि प्रश्नही एवढा छोटा हवा की त्यासाठी दोन-तीन कव्हरं (शीट्स ठेवायच्या घड्या) काढून पुरावीत. 'पावागडची झाडं बघायची आहेत' हा प्रश्न नव्हे. 'माझा कुडा पांढरा की काळा' हा प्रश्न आहे.

म्हणून पहिलं काम घरीच. तुमच्या दोन फुलांच्या नमुन्यांमधलं प्रत्येकी एक फूल काढा, गरम पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा. वाळलेलं फूल पुन्हा मऊ होतं आणि पाकळ्या उलगडतात. मग दहापट भिंगाखाली फुलाच्या घशात बघा. झालरीसारखे कातरलेले पांढरे तुकडे उभे असतील आणि त्यातून परागकोशांचा टोकदार शंकू बाहेर डोकावत असेल, तर तो काळा कुडा, राइटिया टिंक्टोरिया. वैद्यबुवांचा गोड इंद्रजव तो हाच. घसा मोकळा असेल, फुलाची नळी लांब असेल आणि पुंकेसर खाली नळीच्या तळाशी दडलेले असतील, तर पांढरा कुडा, होलॅऱ्हेना प्युबेसन्स, म्हणजे कडू इंद्रजव. अ‍ॅपला वरून काढलेल्या फोटोत पाच पांढऱ्या पाकळ्या दिसतात, घसा दिसत नाही. त्यामुळे ते या दोघांत हमखास घोटाळा करतं. काष्ठौषधीच्या दुकानातही एकाच्या बिया दुसऱ्याच्या नावाने विकल्या जातात, तेव्हा अ‍ॅपला फार बोल लावू नका.

आता तुम्ही म्हणाल, घरीच ओळखलं तर हर्बेरियमला जायचं कशाला? फुलावरून प्रजाती कळली. पण हीच प्रजाती पावागडावर आधी कुणी गोळा केली होती का, कुठल्या महिन्यात फुलली होती, पानाचा आकार कुठून कुठपर्यंत बदलतो, तुमचं बिनफुलांचं तिसरं झाड त्या बदलात बसतं का, हे घरी कळणार नाही. त्यासाठी शीट्सच लागतात. एक नाही, वीस-तीस.

तुमच्या घरापासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं हर्बेरियम आहे. जगभरच्या हर्बेरियमना ठरलेली लघुनावं असतात, आणि बडोद्याचं आहे 'बारो'. प्रबंधात ते लघुनाव लिहावं लागेल, आत्ताच वहीत उतरवून ठेवा. दार सताड उघडं असतं आणि कुणीही आत शिरावं, अशी ही जागा नाही. विभागप्रमुखांच्या नावे अर्ज, त्यासोबत मॅडमचं पत्र, आणि अर्जात तीन गोष्टी स्पष्ट: कुठल्या कुळाची, कुठल्या जीनसची (जवळच्या प्रजातींच्या गटाची) शीट्स बघायची, किती दिवस, आणि फोटो हवेत का. 'संशोधनासाठी भेट' एवढंच लिहिलेले अर्ज टेबलावर पडून राहतात. 'अ‍ॅपोसायनेसी, राइटिया आणि होलॅऱ्हेना, दोन दिवस' असं लिहिलं की समोरच्या माणसाला आपण काय काढून ठेवायचं ते कळतं. मग तोही मदत करतो.

आणि फोन करून खात्री करा. परीक्षेचे दिवस, दिवाळीची सुट्टी, उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) आसपासचे दोन-तीन दिवस टाळा. एकदा मी रात्रभराचा प्रवास करून दुसऱ्या एका शहरातल्या संग्रहात पोचलो. परवानगीचं पत्र खिशात, साहेब हजर, चहाही झाला. पण कपाटांच्या किल्ल्या ज्यांच्याकडे, ते भाचीच्या लग्नाला गावी गेलेले. दोन दिवस मी त्यांच्या बागेतली झाडं मोजत बसलो. तेव्हापासून मी आधी किल्लीवाल्याला फोन करतो, साहेबांना नंतर.

नेण्याचं सामान फार नाही. भिंग, शिसपेन्सिल, मोजपट्टी, वही, पातळ चिमटा, हातमोजे. तुमचे तीनही नमुने वर्तमानपत्रात, दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून न्या. पण ते थेट संग्रहाच्या खोलीत घेऊन शिरू नका, आधी विचारा. बाहेरून आलेल्या नमुन्यासोबत किडे येतात. तंबाखूचा किडा म्हणतात असा एक बारीक तपकिरी भुंगा असतो, त्याच्या अळ्या शीटमधली फुलं पोखरून नुसता भुगा ठेवतात. म्हणून नवीन नमुना आधी उणे वीस अंशांच्या आसपास काही दिवस गोठवतात आणि मगच आत घेतात. तुमचे नमुने गोठवायचे म्हटले तर वाईट वाटून घेऊ नका. पुण्या-मुंबईतले दिग्गज आले तरी त्यांच्या पिशवीला हाच न्याय असतो. पेन आणि पाण्याची बाटली दोन्ही बाहेर.

हातमोज्यांचं सांगतो, कारण पोरं हसण्यावारी नेतात. जुन्या शीट्सवर कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइडचं द्रावण लावायची पद्धत आपल्याकडे सर्रास होती. ते जहाल विष, आणि पाऱ्याचं असल्यामुळे कागदावर वर्षानुवर्षं टिकतं. शीट उलटताना बोट जिभेला लावायची सवय असेल तर ती आजच सोडा. काम करताना डोळे चोळू नका, दुपारी शेव-उसळ खायला बाहेर पडाल तेव्हा साबणाने हात धुऊनच बशीला हात लावा. नॅप्थलीनच्या वासाने डोकं चढलं तर दर तासाला बाहेर जाऊन या.

आता कपाट. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या संग्रहांत मांडणी बेंथम आणि हूकर यांच्या क्रमाने असते, रॅननक्युलेसीपासून सुरुवात आणि शेवटी गवतं. तुम्ही कॉलेजात नवी पद्धत शिकलात, त्यामुळे चुकामूक होणार. उदाहरणार्थ, रुई आज अ‍ॅपोसायनेसीत आहे, पण जुन्या कपाटात ती अस्क्लेपिअडेसी या वेगळ्या कुळाखाली सापडेल. साग आज तुळशीच्या कुळात धरतात, कपाटात मात्र घाणेरीशेजारी, व्हर्बेनेसीत. तुमचा पांढरा कुडा होलॅऱ्हेना अँटिडिसेंटेरिका या जुन्या नावाच्या कव्हरात असण्याची शक्यता दाट. जायच्या आदल्या रात्री दोन्ही प्रजातींची सगळी जुनी नावं वहीत लिहून काढा. हे केलं नाही तर 'बडोद्याच्या संग्रहात पांढरा कुडा नाही' असा निष्कर्ष काढून याल आणि व्हायव्हात सापडाल.

कुळाच्या कप्प्यात जीनसची जाड कव्हरं, त्यात प्रजातींची पातळ कव्हरं, त्यात शीट्स. साधारण ४२ सेंटिमीटर लांब आणि २८ रुंद. लाल कव्हर दिसलं तर थांबा आणि विचारा, लाल कव्हरात बहुधा टाइप नमुने असतात, म्हणजे ज्यांच्यावरून त्या प्रजातीचं नाव मुळात बांधलं गेलं ते. शीट दोन्ही हातांनी, आडवी धरून उचलायची आणि शेजारी ठेवायची. वहीचं पान उलटावं तशी उलटायची नाही, गठ्ठा पालथा घालायचा नाही, टेबलावर कोपर टेकायचं नाही.

हे नियम मला पाठ आहेत, कारण एकदा मोडले होते. एम.एस्सी.ला असताना घाईत मी चार शीट्स पत्त्यांसारख्या उलटल्या. टेबलावर एक शेंगेचा तुकडा पडला, बोटाच्या पेराएवढा. कुठल्या शीटवरचा? चारही शीट्सवर शेंगा होत्या आणि चारही थोड्या तुटलेल्या. अर्धा तास जुळवून पाहिलं. शेवटी तिथल्या अटेंडंटकाकांनी तो तुकडा कागदाच्या पाकिटात घातला, पाकिटावर पेन्सिलीने 'सुटा तुकडा, शीट अनिश्चित' लिहून तारीख टाकली आणि कव्हरात ठेवला. मला एक शब्द बोलले नाहीत. ते पाकीट अजून तिथेच असेल. तुमच्या हातून असं काही झालंच तर गुपचूप जवळच्या पाकिटात सरकवू नका. चुकीच्या शीटला चिकटलेला तुकडा पुढे कुणीतरी वर्णनात घेतो.

शीट समोर आली की झाडाआधी लेबल वाचा. झाड तुम्हाला दिसणारच आहे, लेबल मात्र नीट वाचायला शिकावं लागतं. तारखेत महिना बरेचदा रोमन आकड्यात असतो, ४-VI म्हणजे चार जून. गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा नंबर (तो आपल्या नमुन्यांना ओळीने देतो तो) ही त्या शीटची खरी ओळख. नावापुढचा कंस मुकाट्याने सोडून देऊ नका. राइटिया टिंक्टोरियापुढे '(रॉक्सब.) आर.ब्र.' असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे रॉक्सबर्गने ही जात आधी कण्हेरीच्या जीनसमध्ये, नेरियममध्ये घातली होती आणि रॉबर्ट ब्राउनने ती राइटियात आणली. 'टिंक्टोरिया' म्हणजे रंगाची. या पानांपासून निळीसारखा रंग काढत.

आणि ठिकाण. इथे बडोदेकरांनी विशेष सावध राहायला हवं, कारण आपल्याला वाटतं की आपल्याला सगळं ठाऊक आहे. जुन्या लेबलवर 'बडोदा' लिहिलंय म्हणजे शहर? जिल्हा? की संस्थान? गायकवाडांचं संस्थान सलग नव्हतंच. कडी-मेहसाणा, नवसारी, अमरेली, पार द्वारकेकडचं ओखामंडळ, सगळं 'बडोदा स्टेट'. समुद्रकाठच्या खारवट जमिनीतली वनस्पती 'बडोदा स्टेट' लेबलखाली पाहून आमचा एक मित्र विश्वामित्रीच्या काठावर ती शोधत हिंडला होता. मगरींशिवाय काही भेटलं नाही. उलट तुमचा पावागड इतका जवळ, पन्नासेक किलोमीटर, पण तो गायकवाडी मुलखात नव्हता. पंचमहाल आधी शिंद्यांकडे, १८६१ पासून इंग्रजांकडे. म्हणजे पावागडची जुनी शीट 'पंचमहाल, मुंबई इलाखा' अशा नावाने शोधायची. बडोदा संस्थान १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, गुजरात राज्य झालं १९६० मध्ये. त्यामुळे मधल्या अकरा वर्षांतल्या लेबलवर 'मुंबई राज्य' दिसलं तर महाराष्ट्राच्या ढिगात टाकू नका.

लेबलवर वर्षच नसेल तर? असं एक शीट माझ्यासमोर आलं होतं, अजून न चिकटवलेलं, गुजराती वर्तमानपत्राच्या घडीतच. लेबलवर पेन्सिलीने एवढंच: माचीच्या वर, दगडात, झाडाला दूध, ४-VI. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर तारीख होती. पण ती नमुन्याची तारीख धरता येत नाही. लोक घरची जुनी रद्दी घेऊन जंगलात जातात, आणि कधी कधी ओला नमुना नंतर वेगळ्या कागदात हलवतात. त्यामुळे मी त्याच माणसाचे मागचे-पुढचे नंबर शोधले. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या नंबरांवर तारखा पूर्ण होत्या, दोन्ही एकाच जूनमधल्या. वर्ष मिळालं, आणि वर्तमानपत्र त्याच्या तीन महिने आधीचं निघालं. तुम्ही मे-जूनमधल्या फुलोऱ्याविषयी काही लिहिणार असाल तर अशी शीट्स सोन्याच्या मोलाची.

कव्हरावरच्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, हे मात्र ठासून सांगतो. २०१५ मध्ये ऑक्सफर्ड आणि एडिंबरोच्या अभ्यासकांनी आल्याच्या कुळातल्या अफ्रामोमम या आफ्रिकी जीनसची शीट्स तपासली. तज्ज्ञाने त्या जीनसचा नव्याने अभ्यास करण्याआधी निम्म्याहून जास्त नमुन्यांवरचं नाव चुकीचं होतं, असं त्यांना आढळलं. तेव्हा काळ्या कुड्याच्या कव्हरात एखादा पांढरा कुडा मिळाला तर दचकू नका. मुळात तुमचा नमुना एका शीटशी 'जुळतो' म्हणून नाव लावणं ही सवयच वाईट. आधी 'की' (लक्षणं एकेक तपासत नावापर्यंत नेणारा तक्ता) चालवा, फुलाचा घसा बघा, मग शीट्सशी ताडून पाहा.

चूक सापडलीच तर लेबलवर खाडाखोड करायची नाही, पेन्सिलीनेही नाही. त्यासाठी डिट स्लिप असते, छोटी चिठ्ठी, त्यावर तुमच्या मते असलेलं नाव, तुमचं नाव, संस्था आणि तारीख. ती चिकटवायची की नाही हे क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारे अभ्यासक, ठरवतात. जुनं लेबल, जुन्या चिठ्ठ्या सगळ्या तशाच राहतात. एका शीटवर मी चार पिढ्यांच्या चार चिठ्ठ्या पाहिल्या आहेत. पहिली आणि चौथी एकच नाव सांगत होत्या. तुम्ही अजून विद्यार्थिनी आहात म्हणून संकोचू नका. क्युरेटरना घसा दाखवा, त्यांना पटलं तर तेच म्हणतील चिठ्ठी लिही. फूल तोडून भिजवायचं असेल तर मात्र आधी विचारा. शीटला लावलेल्या पाकिटात सुटं फूल असेल तर त्यातलंच वापरा, आणि काम झाल्यावर वाळवून त्याच पाकिटात परत ठेवा. डीएनएसाठी पानाचा तुकडा काढणं हा वेगळा अर्ज, वेगळी परवानगी.

फोटो बहुतेक ठिकाणी विचारून काढू देतात, फ्लॅश नको. आधी पूर्ण शीट, मग लेबल, मग हवा तो भाग, मोजपट्टी ठेवून. उलट्या क्रमाने काढलेले फोटो घरी गेल्यावर कुठल्या शीटचे ते कळत नाहीत. प्रबंधात उल्लेख करताना ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव व नंबर, आणि शेवटी कंसात 'बारो' एवढं हवंच. अ‍ॅक्सेशन नंबर (संग्रहाने शीटला दिलेला नोंदणी क्रमांक) असेल तर तोही.

बडोद्यात पुरेशी शीट्स मिळाली नाहीत, तर पुढचा थांबा मुंबईचा. सेंट झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये गुजरातचे जुने नमुने आहेत. सॅक्स्टन आणि सेजविक यांनी १९१८ मध्ये उत्तर गुजरातच्या वनस्पतींची यादी छापली, त्यातल्या सेजविकचा संग्रह तिथे आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं हर्बेरियम आणि आघारकर संस्थेचं. तिकडे जायच्या आधी लंडनच्या क्यू बागेच्या शीट्स घरबसल्या पाहून घ्या, त्यांच्या प्रतिमा फुकट उपलब्ध आहेत. पण स्क्रीनवर घसा उलगडून बघता येत नाही, हे लक्षात ठेवा.

तुमचे नमुने हर्बेरियमला देऊन या. प्रबंध झाल्यावर ते माळ्यावर जातात आणि दोन पावसाळ्यांत त्यांचा भुगा होतो. देताना ठिकाण 'पावागड' एवढं लिहून थांबू नका. माचीपासून किती वर, कुठल्या बाजूचा उतार, जवळपास कुठली झाडं, चीक होता का, फूल ताजं असताना कुठल्या रंगाचं होतं, सगळं लिहा. वाळल्यावर रंग जातो आणि तो तुमच्याशिवाय कुणीच पाहिलेला नसतो. पुढच्या वेळी गोळा करताना ती जागा अभयारण्यात येते का हे पाहा. जांबुघोड्याचं जंगल तिथून लांब नाही, आणि अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय फांदीसुद्धा तोडता येत नाही.

राहिला तुमचा तिसरा नमुना, नुसत्या पानांचा. त्याला आत्ताच नाव लावू नका. पांढऱ्या कुड्याचं पान सहसा मोठं असतं, पण कोवळ्या फुटव्याचं पान कुठल्याही कुड्याचं मोठं येतं. दोन्ही कव्हरांतली पानं मोजा, लांबी, रुंदी, शिरांच्या जोड्या, आणि कुठे बसतं ते वहीत लिहा. पान मखमलीसारखं लवदार लागलं तर राइटियाच्याच आणखी एका जातीचं, राइटिया आर्बोरियाचं कव्हरही मागून घ्या. प्रबंधात 'राइटिया किंवा होलॅऱ्हेना, फुलाअभावी अनिश्चित' असं लिहिलेलं चालतं. परीक्षक रागावत नाही. आणि ते झाड नेमकं कुठे आहे हे तुम्ही टिपून ठेवलं असेल, तर येत्या मेच्या शेवटी सकाळच्या पहिल्या बसने माचीला जा. फुलं मिळतील. नाही मिळाली तर थंडीत पुन्हा जा. जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा दिसतील. कोवळ्या असताना दोघींची टोकं एकमेकींना चिकटलेली असतील तर तो काळा कुडा. वर चढताना पाणी घरून न्या.